देवमनच्या नावाची जागा

पौषातलं ऊन मोठं लबाड. अंगाला गोड लागतं आणि कामाच्या माणसाला नको तिथे झोपवतं. पंचफुला तुरीच्या शेंगा तोडायला शेतात आली होती. अर्धी ओटी भरली, जरा पाठ टेकावी म्हणून ती शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या बोरीला टेकली, ती टेकलीच. डोळे धड मिटलेले नव्हते, धड उघडेही नव्हते. समोर तुरीवर उरलीसुरली पिवळी फुलं होती, वर पिवळं ऊन होतं, आणि त्या पिवळ्यात कुठून तरी देवमन गायला लागला.

देवमन म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष व्हायला बारा दिवस कमी होते.

ती घाबरली नाही. गेलेला नवरा दुपारच्या डुलकीत येऊन बसतो, याची तिला एव्हाना सवय झाली होती. यायचा, गळ्यातला मफलर सारखा करायचा, बाजेच्या कडेवर बसायचा. पण बोलायचा नाही. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. ती म्हणायची, "अवो, जोरानं बोला ना," तर तो नुसता मान हलवून हसायचा. जाग आली की ती डोळे मिटून पुन्हा कान द्यायची, कारण त्याचा आवाज कसा होता हे तिला आठवेनासं झालं होतं. चेहरा भिंतीवरच्या फोटोत होता. आवाज घरात कुठेच नव्हता. चाळीस वर्षं ज्या आवाजानं तिला हाका मारल्या तो रोज थोडा थोडा पुसला जात होता, आणि याचं तिला फार भय वाटायचं. माणूस एकदा गेला ते तिनं सोसलं होतं. आता तो पुन्हा जात होता, आणि या खेपेला तिच्याच डोक्यातून.

म्हणून आज आवाज आला तेव्हा ती हललीसुद्धा नाही. हललं की जाईल.

"पाण्याले नव्हतं कुलूप गं माय, पाण्याले नव्हतं दार,
तरी आमच्याच घागरीले कायले बसला मार?"

तोच. 'कुलूप' म्हणताना किंचित थांबायचं, आणि 'माय' वर चढताना आवाजाला जरा खरखर सुटायची, तीसुद्धा तीच. पंचफुला डोळे मिटून ऐकत राहिली. मग आवाज लांब जायला लागला, आणि त्याच्याबरोबर ट्रॅक्टरची धडधडही लांब जायला लागली. तिच्या स्वप्नात आजवर कधी ट्रॅक्टर आला नव्हता.

ती उठली आणि पळत सुटली. साठीची बाई, पायात चप्पल नाही, ओटीतल्या शेंगा तुरीच्या ओळींतून सांडत गेल्या. रस्त्यावर तांड्यावरचा मोहनसिंग गुरांच्या कुटाराची, भुश्याची ट्रॉली घेऊन चालला होता. बाई दोन्ही हात वर करून येताना पाहून त्यानं घाबरून ब्रेक दाबला.

"काय झालं काकू? साप निघाला का?"

"थे गाणं. थे गाणं कोणी लावलं?"

"म्याच लावलं. काहून, बंद करू?"

"बंद करशीन तं पाय मोडीन तुये! पयल्यापासून लाव."

मोहनसिंगनं पहिल्यापासून लावलं. पंचफुला धुऱ्यावर बसली. कुटाराचा वास, गरम इंजिनाचा वास, आणि मध्ये देवमन. आवाज झिरझिरीत झाला होता, नकलेची नक्कल आणि तिची पुन्हा नक्कल होत होत तिच्यापर्यंत पोचला होता, पण त्याचाच होता. ती तोंडावर पदर घेऊन रडली, आणि त्या रडण्यात तिला जितकं सुख वाटलं तितकं वर्षभरात वाटलं नव्हतं. शेवटचं कडवं आलं. ढोलकी थांबली. आता देवमन आपलं नाव घेणार.

"लखन रेकॉर्डिंग सेंटर, केनवड, बसस्टँडच्या मागे!"

येणार हे तिला माहीत होतं. तरी कानाखाली बसावी तसं झालं. त्या खणखणीत आवाजाच्या मागून देवमन पुन्हा आला, पण त्याचं नाव निघून गेलं होतं: "...भरून घे गं घागर, बाबानं हात लावला तसा गोड झाला सागर."

"लय जुनं गाणं हाये," मोहनसिंग कौतुकानं म्हणाला. "केनवडच्या लखनचं."

"कोणाचं?"

"लखनचं. नाव सांगते ना थो मधात."

"हे माह्या मालकाचं हाये, मोहनसिंग."

मोहनसिंग चांगला माणूस. म्हातारीला दुखवायचं नाही म्हणून "असन, असन" म्हणाला. मग म्हणाला, "मायाजवळ अनसिंगच्या साळ्यानं देल्लं, त्याच्याजवळ कोणाच्या तरी फोनातून आलं. घ्या ना तुमीबी, सपनाताईच्या फोनवर टाकतो. मायं काय जाते?"

काय जाते. असेच शब्द तिनं सत्तावीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

देवमनची किन्हीराजात गायन पार्टी होती. ढोलकी, पेटी, झांज आणि मागून सूर ओढणारे दोघं. जयंतीला, लग्नाला, नामकरणाला बोलावणं यायचं. गाणी तो स्वतः जुळवायचा, आणि रीत आहे तसं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचा. गाणं तोंडातोंडी जातं. ते ज्याचं आहे त्याच्या हातात कागद नसतो, शिक्का नसतो, म्हणून तो आपलं नाव गाण्याच्या पदरालाच गाठ मारून ठेवतो. "देवमन सांगे किन्हीराजाचा," असं तो गायचा, आणि ते गाताना दरवेळी जरा ताठ व्हायचा. पंचफुला मागे बसून त्याची टिंगल करायची. नवऱ्याचा ताठा तिला मनातून आवडायचा, पण तसं सांगण्याची काही गरज नव्हती.

अकोल्याच्या एका लहानशा कंपनीनं त्याची कॅसेट काढली आणि निघाल्या तेवढ्या पंचवीस कॅसेटी त्याच्या हातात ठेवल्या. त्या त्यानं वाटून टाकल्या, एक घरी ठेवली. वर्षभरात कंपनी बंद पडली. तेव्हा केनवडला लखनचं दुकान होतं. दोन डेक शेजारी ठेवायचे, एकीकडची कॅसेट दुसरीकडे उतरवायची, हा धंदा. पंचविसातली एक कॅसेट फिरत फिरत त्याच्याकडे गेली, आणि त्यानं ती इतकी उतरवली की हिंगोली-नांदेडपर्यंत वाजायला लागली.

केनवडच्या बाजारात दोघं गेले होते तेव्हा दुकानाच्या भोंग्यातून ते गाणं ऐकू आलं. देवमन जागच्या जागी थांबला. त्याला राग आला असं कोणाला वाटेल, पण नाही. तो हसला. त्यानं तिला कोपरानं ढोसलं, "ऐकून राह्यली का?" भर बाजारात, भाजीच्या पाटीशी, तो आपलंच गाणं डोळे मिटून ऐकत उभा राहिला. मग शेवटचं कडवं आलं, आणि त्याच्या नावाच्या जागी लखन बोलला. पंचफुलानं त्याचा चेहरा पाहिला. तसा चेहरा पुन्हा पाहायची वेळ कोणावर येऊ नये.

लखन तेव्हा तरणाबांड होता, कानावर केस, जिभेला हाड नाही.

"म्या तुमचं काय नेलं, देवमनदादा?" तो म्हणाला. "कॅसेट तुमच्यापाशी हाये, गाणं तुमच्या गळ्यात हाये. म्या एकाचे शंभर केले. तुमचं काय गेलं?"

"एकाचे हजार कर ना बाबा," देवमन म्हणाला. "मायं काही म्हणणं नाई. पण माह्या नावावर काहून बोलला?"

"तिथं ढोलकी थांबते, जागा भेटते. आन नाव नाई टाकलं तं रिसोडवाले माह्या कॅसेटीची नक्कल करते ना! मंग माया धंदा?"

चोराच्या घरी चोरी होऊ नये याची केवढी ती काळजी! पंचफुलाला त्या रागातही हसू आलं होतं. देवमनला आलं नाही. दुकानाची पायरी उतरता उतरता तो तिला म्हणाला, "पंचफुला, या दुकानाची पायरी जो चढन त्यानं माह्याशी बोलू नये."

आता गंमत पाहा. त्याच्या आदल्या वर्षी गोठ्यातली शेळी चोरीला गेली होती. चोर दोन दिवसांनी बाजारात सापडला, शेळीसकट. लोकांनी धरून आणला, तर देवमननं त्याला ओट्यावर बसवून भाकर वाढली. म्हणाला, त्याच्या घरी चूल बंद होती. मग त्यानंच शेळी दावणीला बांधली, विषय संपला. शेळीचोराला भाकर देणारा हा माणूस लखनचं नाव काढलं की जेवणावरून उठायचा. पंचफुला पुष्कळ दिवस याचा विचार करायची. शेळी नेली तर गोठा रिकामा होतो. गाणं नेलं तर गाणं घरीच राहतं. मग मोठी चोरी कोणती?

याचं उत्तर तिला अनसिंगला मिळालं. तिथे जयंतीच्या कार्यक्रमात देवमन ते गाणं गायला. शेवटचं कडवं झालं, आणि पुढच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "हे तं केनवडच्या लखनचं गाणं हाये. तुमी त्याच्यात आपलं नाव काहून घालता? दुसऱ्याचं गाणं चोरता, थेबी बाबासाहेबाच्या जयंतीत?" चार माणसं हसली. देवमननं पेटी मिटली. त्यानंतर तो चारचौघांत कधी गायला नाही.

घरी गायचा. पाण्याचं डबडं भरताना, बैलाला पाणी दाखवताना. पण पुढे मोबाईल आले आणि कोणी फोन वर केला की तो मधेच तोंड बंद करायचा. "आत ठेव थे," म्हणायचा. सख्ख्या लेकीलासुद्धा. घरातली कॅसेट तर त्यानं एका रागाच्या दिवशी उसवली आणि तिची काळी फीत ज्वारीच्या शेतात या खुंटावरून त्या खुंटावर ताणून बांधली, पाखरं उडवायला. वाऱ्यानं ती फीत दिवसभर गुणगुणायची. पंचफुला पाणी घेऊन जायची तेव्हा तिला वाटायचं, गाणं आत अडकलं आहे आणि सुटायला पाहतं आहे. पीक निघालं तशी फीतही गेली.

इतकं जपलं बिचाऱ्यानं. जपता जपता तिच्यासाठी काहीच ठेवलं नाही. उरलं ते चोरानं नेलेलं.

मुलगी सपना वाशीमला नर्स आहे. मोहनसिंगचं गाणं तिच्या फोनवर गेलं, आणि संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडली होती हे आवाजावरून कळत होतं.

"माय, बाबाच्या पुण्यस्मरणाले विहारात हेच लावू. लोकायले ऐकू दे."

"नाव नाई त्याच्यात."

"नाव आपण माईकवर सांगू."

"अन ऐकणारे म्हणतीन, लखनचं गाणं देवमनच्या नावानं लावून राह्यले. एकदा झालं थे पुरे नाई का?"

"मंग काय करतं?"

"केनवडले जातो. जुनी कॅसेट असन त्याच्यापाशी, ज्याच्यावरून त्यानं उतरवलं थे. त्याच्यात नाव असन."

"बाबानं सांगतलं होतं, थे पायरी..."

"मले ठाऊक हाये," पंचफुला म्हणाली. "मीच होती तिथं."

तालुक्याच्या मालेगावहून केनवडची गाडी मिळाली. खिडकीतून ऊन आत आलं आणि गाडीच्या हेलकाव्यात तिचा डोळा लागला. देवमन शेजारच्या सीटवर येऊन बसला होता. मफलर होता, पण तोंड खिडकीकडे. रुसली होती स्वारी. ती त्याला म्हणाली, "तुमचं नाव आणाले जाऊन राह्यली. माह्यासाठी नाई." थोड्या वेळानं खरं बोलली, "माह्यासाठीबी जाऊन राह्यली. तुमचा आवाज इसरून राह्यली मी." त्यानं वळून पाहिलं नाही. बाहेर हरभऱ्याची शेतं मागे मागे जात होती, आणि त्यांच्यावरून एक काळी फीत ताणलेली होती, गाडीबरोबर पळत होती, तुटत नव्हती. कंडक्टरनं "केनवड!" म्हणून घंटी ओढली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती.

दुकान तिथेच होतं, बसस्टँडच्या मागे. आता त्यावर ऑनलाइन सेवा केंद्राची पाटी होती. आत लखनची सून वैभवी संगणकावर कोणाचा तरी सातबारा काढत होती, आणि कोपऱ्यात खुर्चीवर लखन बसला होता. कानावरचे केस गेले होते, आवाजातला खणखणाट गेला होता. पंचफुला पायरीपाशी थांबली. एक पाय वर ठेवला, मनात म्हणाली, आता नका बोलू माह्याशी, आणि चढली.

"मी किन्हीराजाची. देवमनची घरवाली."

लखन उठून उभा राहिला. "वयनी," म्हणाला, आणि त्यानं तिच्यासाठी खुर्ची पुसली. "ऐकलं होतं दादाचं. येनार होतो मी मातीले. पण म्हटलं, कोण्या तोंडानं येऊ."

"मले थे कॅसेट पाहिजे. जिच्यावरून तुमी उतरवलं थे."

त्यानं वाद घातला असता तर तिला सोपं गेलं असतं. भांडणाची सगळी तयारी तिनं घरूनच केली होती. पण तो मुकाट्यानं स्टुलावर चढला आणि माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. कॅसेटी नावानिशी लावलेल्या होत्या, एकही धुळीत नव्हती. "धंदा बुडाला, पण फेकाव्या नाई वाटल्या," तो म्हणाला. तिसऱ्या ओळीतून त्यानं ती काढली. वरच्या कागदावर देवमनचा फोटो होता, मफलरासकट, वय पस्तीस.

जुना डेक अजून चालू होता. लखननं बटण दाबलं.

हा झिरझिरीत आवाज नव्हता. आधी श्वास ऐकू आला. मग त्यानं घसा साफ केला, अगदी हळू, जसा तो सकाळी चुलीपाशी करायचा. मग ढोलकीवर पहिली थाप पडली आणि देवमन दुकानात उभा राहिला. पंचफुलाला समोरचं काही दिसेना. झेरॉक्सचं यंत्र, पाटी, रस्त्यावरची गाडी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. ती तरणी होती, मागे बसली होती, आणि त्याच्या कोटाचा मागचा टाका उसवला होता, तो आज शिवायचा होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटचं कडवं आलं, ढोलकी थांबली, तिनं श्वास धरला.

"लखन रेकॉर्डिंग सेंटर, केनवड, बसस्टँडच्या मागे!"

डेक पुढे चालत राहिला.

"हे मूळ हाये ना?" अखेर पंचफुलानं विचारलं.

"मूळच हाये."

"मंग?"

लखनचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला आत्ता आठवत होतं. "दर कॅसेटीले माईकवर बोलाव लागे, वयनी. म्हून म्या एकदाच याच कॅसेटीवर बोलून घेतलं. मंग जेवढ्या उतरवाव तेवढ्यात आपोआप येत जाय." त्यानं डेक बंद केला. "खाली काही राह्यलं नाई. त्या जागचा दादाचा आवाज पुसून गेला. म्या कधी... कधी इचारच नाई केला याचा."

कंपनी गेलेली. बाकीच्या कॅसेटींवर पोरांनी सिनेमाची गाणी भरलेली. घरातली फीत ज्वारीत गेलेली. तीन शब्द, आणि ते आता जगात कुठेच नव्हते. पंचफुलाला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं की शेळी आणि गाणं यात फरक काय. हजार नकला झाल्या तेव्हा देवमनचं काही गेलं नव्हतं, उलट त्याच नकलांनी आज तिला त्याचा श्वास ऐकवला होता. पण हे तीन शब्द शेळीसारखे गेले होते. गोठा रिकामा होता. आणि शेळी निदान परत तरी आली होती.

तिला वाटलं त्या पेटीवर डोकं आपटून घ्यावं.

वैभवी इतका वेळ माऊस धरून नुसती बसली होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, हे गाणं मी कॉम्प्युटरमध्ये घेतो. आमच्या बाबाचं बोलणं काढून टाकतो. त्या जागी तुमी म्हणा ना थे ओळ. तुमाले पाठ असन."

"म्हणा वयनी," लखन म्हणाला. "तुमचा हक्क हाये."

पंचफुलानं त्याच्याकडे पाहिलं. ओळ तिच्या ओठांवर होती. म्हटली असती तर गोडही झाली असती.

"मी काहून म्हणू?" ती म्हणाली. "म्या नेलं का? शेळी ज्यानं नेली त्यानंच आणून दावणीले बांधली होती. तुमी नेलं, तुमी आणून ठेवा."

"मी गाणारा नाई हो वयनी."

"तवा काय गाणारे म्हून बोलले होते?"

लखन खाली बसला. वैभवीनं माईक लावला. पंचफुलानं त्याला ओळ सांगितली, चाल सांगितली, कुठे थांबायचं ते सांगितलं. पहिल्यांदा तो खालच्या पट्टीत गेला. दुसऱ्यांदा 'सांगे' वर खोकला आला. दुकानात फॉर्म भरायला आलेले दोघं-तिघं दाराशी थांबले होते, त्यांना वाटलं म्हातारा वेडा झाला. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले, आणि साठीला टेकलेल्या फाटक्या आवाजात, सुराला सोडून पण शब्दाला धरून, म्हटलं:

"देवमन सांगे किन्हीराजाचा..."

आणि तोंड झाकून रडायला लागला. पंचफुला त्याच्या रडण्याकडे पाहत बसली. त्याला समजावायला ती गेली नाही. तेवढं तिच्याच्यानं झालं नसतं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी विहारात बरीच माणसं जमली. वंदना झाली, भन्तेंनी दोन शब्द सांगितले, आणि सपनानं गाणं लावलं. देवमन गायला लागला तशी कुजबुज थांबली. पार्टीतला त्याचा म्हातारा ढोलकीवाला मांडीवर ठेका धरून बसला. लखन आला होता. आत कोणी बोलावलं तरी आला नाही, दारापाशी चपला काढतात तिथेच बसला होता.

शेवटचं कडवं आलं. ढोलकी थांबली. मग एक म्हातारा, कापरा आवाज आला, "देवमन सांगे किन्हीराजाचा," आणि लगेच, त्याच्या हातातून घागर घ्यावी तसा, पस्तीस वर्षांचा देवमन पुढे झाला, "भरून घे गं घागर, बाबानं हात लावला तसा गोड झाला सागर." ढोलकीवाल्यानं मान वर करून दाराकडे पाहिलं. आवाज कोणाचा ते सगळ्यांना कळलं. लखननं मान खाली घातली होती.

लोक उठले तसे फोन निघाले. याच्याकडून त्याला, त्याच्याकडून आणखी कोणाला, गाणं जायला लागलं. मोहनसिंगही आला होता. तो पंचफुलापाशी आला आणि फोन हातात धरून घुटमळला.

"घेऊ का काकू?"

गाणं घेताना विचारणारा तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

"घे," ती म्हणाली. "लागन त्याले दे. फक्त नाव कापू नोको."

दुसऱ्या दिवशी ती शेंगा तोडायला गेली. ऊन तसंच लबाड होतं. ती बोरीला टेकली, आणि तूर पिवळी झाली, आभाळ पिवळं झालं, आणि देवमन धुऱ्यावरून आला. शेजारी बसला. मफलर सारखा केला. त्याचे ओठ हलायच्या आधीच तिनं मान खाली घातली, कारण पायरी तिनं चढली होती.

"केनवडले गेलती?" तो म्हणाला.

त्याचाच आवाज. खरखरीसकट. पंचफुला हलली नाही.

"गेलती," ती म्हणाली.

त्यानं तुरीकडे पाहिलं. मग घसा साफ केला, अगदी हळू, आणि म्हणाला, "लय बेसूर हाये थो बेटा. पण नाव बरोबर घेतलं."